पहिली वेलांटी

आमच्या शिवणाच्या बाईंना कुणी नमस्कार केला की त्या आधी नमस्कार करणाऱ्याच्या बाहीची शिलाई बघत आणि मगच हात जोडत. बाही बरी नसली तरी नमस्कार परत मिळे, पण त्यासोबत शिंप्याची चौकशीही होई. "कुठं शिवलात?" असं बाईंनी विचारलं, की तो कपडा पुन्हा शाळेत घालून यायचं नाही, असा आमच्याकडे अलिखित नियम होता. शाळा मुलींची, नारायण पेठेतली, शंभरीला टेकलेली. अलिखित नियमांची तिथे टंचाई नव्हती. लिखित नियम कुणी वाचत नसे.

मी या शाळेत दोनदा दाखल झाले. पहिल्यांदा पाचवीत, दोन वेण्या घालून. दुसऱ्यांदा कॉम्प्युटरच्या मॅडम म्हणून. मधली काही वर्षं मी एका आयटी कंपनीत होते. एका सकाळी कंपनीनं आम्हा अकरा जणांना एकाच ईमेलमध्ये उसवलं, आणि मी वारज्याहून स्कूटरवर बसून, वर्षावर्षाच्या करारावर, जुन्या शाळेत परत आले. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये बाईंनी मला चेहऱ्यावरून ओळखलं नाही. मी नाव सांगितलं, तरी त्या माझ्याकडे परकेपणानं बघत राहिल्या. मग खाली वाकून त्यांनी माझ्या कुर्त्याची खालची पट्टी उलटी केली. ती मी आदल्या रात्री घाईत घरीच दुमडून शिवली होती. "हां," बाई म्हणाल्या, "तू नववी ब. दोरा संपला की दोन टाक्यांऐवजी गाठ मारायचीस. अजून मारतेस." माझ्याबद्दल इतकं माझ्या आईलाही आठवत नाही.

बाईंना बाईच म्हणायचं. बाकीच्या शिक्षिका केव्हाच मॅडम झाल्या होत्या, इंग्रजीच्या तर मिस झाल्या होत्या. एखादी नवी मुलगी चुकून त्यांना "टीचर" म्हणाली, की बाई मागे वळून बघत, पाठीमागे कोण उभं आहे ते.

त्यांचा सगळा जीव कापडाच्या उलट्या बाजूत होता. मुलगी रुमाल घेऊन टेबलाशी आली की बाईंचा हात आपोआप तो पालथा घाले. वर मोर असो, कमळ असो की 'सुस्वागतम्', त्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. "मोर सगळ्याच काढतात. मागे काय जंगल माजवलंयस ते दाखव." मागे दोरे लोंबत असले, गाठी असल्या, एका पानावरून दुसऱ्या पानावर आळसानं उडी मारलेली असली, की एकच शब्द यायचा: "उसव." त्यात राग नसे. डॉक्टर "आ करा" म्हणतात, तितक्याच कोरडेपणानं त्या तो म्हणत. शिवणाच्या तासाला आम्ही निम्मा वेळ शिवत होतो आणि निम्मा उसवत होतो. एकदा पालकसभेत एक आई तणतणली, "अहो बाई, माझी मुलगी दोन महिने एकच रुमाल करतेय!" बाई म्हणाल्या, "तीन महिने. त्यातला एक महिना तुम्ही घरी करून दिला होतात, तो उसवण्यात गेला." त्या आई पुढच्या सभांना वडिलांना पाठवू लागल्या.

एका वर्षी शिक्षण खात्याचे अधिकारी तपासणीला आले. एप्रिलच्या उन्हात कोट घालून आले होते. शिवणाच्या खोलीत त्यांनी दोन रुमाल उचलून "छान, छान" म्हटलं. बाई त्यांच्या पाठीमागून एक फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, कोट जरा काढता?" साहेबांना वाटलं, शालीसाठी म्हणताहेत. त्यांनी हसत हसत कोट काढून दिला. बाईंनी तो पालथा केला, अस्तर चाचपलं आणि परत दिला. "अस्तर आडव्या कापडाचं लावलंय. म्हणून पाठीत ओढतंय. तुमचा दोष नाही." त्या वर्षीच्या अहवालात शिवणाबद्दल एकही वाक्य नव्हतं. बाईंनी त्याचा अर्थ 'सुधारणेला वाव नाही' असा घेतला, आणि तो अहवाल खणात जपून ठेवला.

त्यांच्या कपाटावर त्यांच्याच अक्षरात एक पाटी होती: 'ही कात्री कापडाची आहे. कागद कापणाऱ्यांनी दात वापरावेत.' आमच्या मुख्याध्यापिकांनी एकदा पाटी न वाचता त्या कात्रीनं एक सरकारी लखोटा उघडला. बाई त्यांच्याशी दिवाळीपर्यंत बोलल्या नाहीत. मधल्या काळात दोघींचा पत्रव्यवहार शिपाई मावशींच्या तोंडून चाले.

एवढं असून बाई स्वतःचे ब्लाउज स्वतः शिवत नसत. शाळेमागच्या गल्लीत एक मास्तर होते, पणजोबांपासून पुण्यात शिवणकाम करणारं मुसलमान घराणं. बाईंचे ब्लाउज कायम त्यांच्याकडे. असं का, हे मी एकदा विचारलं. "स्वतःचं शिवताना माणूस स्वतःला फार सवलत देतो," बाई म्हणाल्या. मास्तरांना मात्र त्या इंचाचीही सवलत देत नसत. मी सोबत होते तेव्हाचा संवाद मला अजून पाठ आहे.

"मास्तर, बाहीचा मुंढा सैल आहे."

"बाई, मुंढा तोच आहे. आपण बारीक झालात."

"मग नवं माप घ्या."

"मागच्या वेळी घेतलं, तर आपण म्हणालात टेप खोटी आहे."

"होतीच खोटी. धुतलेली होती."

मास्तरांनी खणातून नवी कोरी टेप काढली. ती म्हणे फक्त बाईंसाठी वेगळी ठेवलेली होती.

सुयांच्या बाबतीत तर बाईंचा कारभार तुरुंगासारखा होता. तासाच्या सुरुवातीला सुया मोजून द्यायच्या, शेवटी मोजून घ्यायच्या, आणि एक जरी कमी भरली तरी कुणी घरी जायचं नाही. आम्ही आठवीत असताना शेवटच्या तासाला एक सुई कमी भरली. चटया झाडल्या, दप्तरं उलटी केली, वेण्या सोडून बघितल्या. स्वारगेटला जाऊन पुढची बस पकडणाऱ्या मुली मुसमुसायला लागल्या. फाटकाशी पालक जमले. त्यातले एक वडील तावातावानं वर आले. "अहो, एका सुईसाठी पन्नास मुली अडकवून ठेवता?"

"बरोबर," बाई म्हणाल्या. "पन्नास मुलींचे शंभर पाय. आणि आता तुमचे दोन."

वडील चटईवरून बाजूला झाले आणि दाराबाहेरूनच वाट बघू लागले. अखेर सुई सापडली ती बाईंच्याच खांद्यावर, पदराला टोचलेली. कुणी हसलं नाही. हसायला लागते ती हिंमत पन्नास जणींत मिळूनही नव्हती.

सुई हरवणाऱ्या मुलीला दहा काजांची शिक्षा असे. दुसऱ्या दिवशी बाई टेबलाशी न बसता आमच्यात चटईवर येऊन बसल्या, आणि अख्खा तास मान वर न करता त्यांनी दहा काजं केली. मग ती पट्टी माझ्या हातात दिली, कारण मी मॉनिटर होते. "तपास." मी पट्टी उलटी केली, सुलटी केली, उजेडात धरली आणि दहापैकी दहा दिले. बाईंनी पट्टी माझ्या नाकासमोर आणली. "सातव्या काजाचा टाका सैल आहे. दिसला नाही, की दिसून बोलली नाहीस?"

"दिसला नाही, बाई," मी म्हणाले.

दिसला होता. पण मोठ्यांच्या चुका काढायची पद्धत आमच्या घरात नव्हती, आणि या शाळेत तर अजिबातच नव्हती. शिवाय बाईंची मर्जी हवी होती. बाईंनी सातवं काज तिथेच उसवलं आणि पुन्हा केलं, आणि मॉनिटर म्हणून दुसऱ्या मुलीचं नाव फळ्यावर लिहिलं.

मी शिक्षिका म्हणून आल्यावर एकदा मधल्या सुट्टीत त्यांना मोबाइलवर एक फोटो दाखवला होता. अमेरिकेत दोन-अडीचशे वर्षांपूर्वी मुलींच्या शाळांत शिवणाच्या बाई असत, आणि प्रत्येक मुलीला नमुन्याचं एक कापड भरावं लागे. त्यावर सगळी मुळाक्षरं, आकडे, एखादं देवाधर्माचं वचन, एक घर, दोन झाडं, आणि शेवटी स्वतःचं नाव नि वय. अशी कापडं तिथे आता चौकटी करून संग्रहालयात टांगतात. बाईंनी कपाटातून भिंग काढलं आणि मोबाइलवर धरलं.

"म्हणजे आपला नववीचा रुमालच की. मागची बाजू दाखव."

"फोटोला मागची बाजू नसते, बाई."

"मग तुझं हे तंत्रज्ञान करतं काय?"

पण नंतर त्या बराच वेळ बघत राहिल्या. कापडाच्या तळाशी त्या मुलीचं नाव होतं, आणि शेवटच्या अक्षराला जागा न पुरल्यामुळे ते ओळीच्या वर चढवलेलं होतं. बाई एकदम खूश झाल्या. "आठ वर्षांची पोर. अंदाज चुकला बघ तिचा. पण हिच्या बाई चांगल्या होत्या."

"कशावरून?"

"उसवायला लावलं नाही ना. नाव बरोबर आहे, जागा चुकली. बरोबर असेल ते राहू द्यायचं असतं."

मी मान डोलावली आणि पुढचा तास घ्यायला गेले.

बाई आता निवृत्त आहेत. वारज्यात, माझ्या घरापासून दोन चौक सोडून, भाच्याकडे राहतात. मंडईत कधी कधी दिसतात. भाजीवाल्याकडचा प्रत्येक कोबी पालथा करून त्याचा देठ बघतात, आणि भाजीवाला आकाशाकडे बघत उभा राहतो. मी दिसले तर मान हलवतात. थांबत नाहीत. ते का, हे सांगायचं तर शाळेच्या शंभरीची गोष्ट सांगावी लागेल.

शिवणाची खोली पहिल्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूला होती. सात पायमशिनी, लांब लांब खिडक्या, आणि दुपारभर उजेड. शाळेतली सर्वांत चांगली खोली, आणि म्हणूनच संस्थेचा तिच्यावर डोळा होता. तिथे रोबोटिक्सची प्रयोगशाळा करायची आणि शिवण हा विषयच बंद करायचा, असा प्रस्ताव आला होता. निर्णय शंभरीच्या समारंभानंतरच्या सभेत व्हायचा होता. सभा म्हणजे अध्यक्ष. बाईंच्या नोकरीची दोन वर्षं उरली होती. ती कुणी काढून घेणार नव्हतं. पण खोली गेली की बाईंना, ज्या वर्गाच्या मॅडम रजेवर असतील त्या वर्गावर जाऊन "शांत बसा" म्हणायचं काम उरणार होतं, आणि या शाळेत पुन्हा कुणी मुलीच्या हातात सुई देणार नव्हतं. प्रयोगशाळा झाली तर तिची प्रमुख मी होणार होते, आणि माझा वर्षावर्षाचा करार सुटून मी कायम होणार होते. हे सगळ्या स्टाफरूमला माहीत होतं. बाईंनाही.

अध्यक्षांचा नळ-तोट्यांचा मोठा व्यापार होता, आणि मोकळ्या वेळात ते विचार करत. सुचलेले विचार हिरव्या शाईनं लिहून शाळेत पाठवत, आणि शाळा ते सुविचार म्हणून फळ्यावर लिहून काढी. शंभरीसाठी त्यांनी घोषवाक्य पाठवलं: 'आमची विद्यार्थीनी, आमचा अभिमान'. निमंत्रणपत्रिका तशाच छापून आल्या. मराठीच्या वहीत हा शब्द लिहिणारीला माहीत असतं की 'थि'ला पहिली वेलांटी असते, दुसरी नाही. मुलींच्या शाळेनं आपल्या शंभराव्या वर्षी 'विद्यार्थिनी' हाच शब्द चुकवावा, आणि तोही नारायण पेठेत, हा पराक्रम होता. पण पत्रिका पाहून शाळेत कुणी काही बोललं नाही. आमच्या मुख्याध्यापिकांनी पंचवीस वर्षं मराठी शिकवलं होतं. त्याही बोलल्या नाहीत. मीही नाही.

रंगमंचामागे फ्लेक्सऐवजी मुलींनी हातानं भरलेला पडदा असावा, अशी अध्यक्षांचीच कल्पना. मुख्याध्यापिकांनी बाईंना बोलावून सरळ सांगितलं, "पडदा मनासारखा झाला तर अध्यक्ष खोलीला हात लावायचे नाहीत. माझा शब्द." बाईंनी घोषवाक्याचा कागद घेतला आणि नववीच्या मुलींना घेऊन कामाला लागल्या. लाल मॅटीचं कापड, पिवळा दोरा, वीतभर उंचीची अक्षरं, सगळी साखळी टाक्यात. चार महिने चाललं. मी मधून मधून डोकवायचे. वारज्याच्या पुढच्या एका गावातून बसनं येणारी एक मुलगी 'र्थि' भरत होती. जिभेचं टोक दातांत धरून काम करायची. एकदा तिनं विचारलं, "बाई, वेलांटी वाकडी हाय का ओ?"

शेजारची मुलगी फिस्सकन हसली. बाई त्या हसणारीला म्हणाल्या, "तिचं 'हाय' सरळ आहे. तुझी तुरपाई वाकडी आहे. उसव." मग हिला म्हणाल्या, "वरच्या अंगाला जरा वाकडी आहे. तीन टाके मागे जा." ती तीन टाके मागे गेली. ती एक वेलांटी तिनं तीन दिवस भरली.

बाईंनी कागदावरची चूक मुद्दाम सुधारली का, असं मला नंतर बऱ्याच जणींनी विचारलं. मीही बाईंना विचारलं होतं. "सुधारली कसली?" त्या म्हणाल्या. "कागदावर दुसरी होती, हे मला अध्यक्ष सांगेपर्यंत माहीत नव्हतं. खडूनं अक्षरं आखताना हात जायचा तिथे गेला."

समारंभाला आठवडा उरला असताना अध्यक्ष पडदा बघायला आले. मुलींनी तो दोन बाजूंनी ताणून धरला. खिडकीतल्या उजेडात पिवळी अक्षरं अशी उठून दिसत होती की अध्यक्षही दोन पावलं मागे सरून बघू लागले. मग त्यांनी खिशातून पत्रिका काढली, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा पत्रिकेकडे पाहिलं.

"बाई, वेलांटी अलीकडे पडलीय. पलीकडे पाहिजे."

बाई म्हणाल्या, "साहेब, 'थि' ऱ्हस्व आहे."

"पत्रिकेत दीर्घ आहे."

"पत्रिका चुकलीय."

खाली रस्त्यावर एक रिक्षावाला भाडं नाकारत होता, ते वर स्पष्ट ऐकू आलं. अध्यक्ष हसले. "अहो, पत्रिका मंत्र्यांकडे गेलीय. आता पत्रिका बरोबर. एक काना इकडचा तिकडे करायचा, त्यात काय एवढं? मुली उसवतील नि भरतील."

मुख्याध्यापिका पुढे झाल्या. "बाई, भाषा ही प्रवाही असते."

"मॅडम," बाई म्हणाल्या, "हिला आठवीत तुम्ही हाच शब्द पन्नास वेळा लिहायला लावला होता. तेव्हा प्रवाह अडला होता का?" आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी दाराशी उभी होते, प्रयोगशाळेसाठी भिंतींची मापं घ्यायला आले होते. सगळे माझ्याकडे बघायला लागले. 'र्थि'वाली मुलगीही.

अध्यक्षांनी मोठ्या आदरानं विचारलं, "काय हो मॅडम, कॉम्प्युटरवर कुठली येते? पहिली की दुसरी?"

मला उत्तर माहीत होतं. पन्नास वेळा लिहिलं होतं. मी म्हणाले, "सर, कॉम्प्युटरवर दोन्ही येतात."

"बघा!" अध्यक्ष म्हणाले. "विज्ञान काय सांगतं बघा."

मुख्याध्यापिकांनी बाईंना दुसऱ्या दिवसापर्यंत मुदत दिली. वेलांटी बदला, खोलीचं मी बघते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी शिवणाच्या खोलीत गेले, तेव्हा पडदा टेबलावर पसरलेला होता आणि बाईंच्या हातात दोरे कापायची लहान कात्री होती. आयुष्यभर ज्या बाईनं हजारो मुलींना डोळ्याचं पातं न लवू देता "उसव" म्हटलं, ती बाई कात्री धरून नुसती बसली होती. मला वाटलं, उसवतील. मनातून वाटलं, उसवावं. म्हणजे खोली त्यांना राहील, मला पुढे मागे दुसरी कुठली तरी मिळेल, आणि माझ्या त्या उत्तराचं कुणाला काही वाटणार नाही.

ती मुलगी म्हणाली, "बाई, मी उसवते की. दोन तास पुरं हायेत."

"काय चुकलंय त्यात?" बाईंनी विचारलं.

तिनं पडद्याकडे नीट बघितलं. "काय नाय."

"मग कशाला उसवायचं?" बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पडद्याची घडी घालायला घेतली. मुलींनी टोकं धरली. मी तशीच खाली ऑफिसात गेले आणि मुख्याध्यापिकांच्या सांगण्यावरून फ्लेक्सचा मजकूर तयार केला. दुसरी वेलांटी टाकायला दोन सेकंदही लागले नाहीत. त्या दिवसापासून बाई मला "तू" म्हणायच्या थांबल्या. "अहो मॅडम, आपला चहा निवतोय," असं स्टाफरूममध्ये त्या इतक्या अदबीनं म्हणत, की मी कप तसाच ठेवून तासाला निघून जाई.

समारंभ दणक्यात झाला. थिएटर जुन्या विद्यार्थिनींनी भरलं होतं. पेठेतल्या साठीच्या, सत्तरीच्या बायका, ज्यांनी ऱ्हस्वदीर्घापायी हातावर पट्ट्या खाल्ल्या होत्या. रंगमंचाचा दर्शनी पडदा वर गेला, मागचा फ्लेक्स दिसला, आणि आधी कुजबुज झाली, मग खसखस पिकली. अध्यक्षांना वाटलं, कौतुक चाललंय. ते बोलायला उभे राहिले, तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एक आजी खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अहो, भाषण नंतर करा. आधी मागे वळून बघा. पहिली वेलांटी की दुसरी?"

अध्यक्ष वळले. मुख्याध्यापिका त्यांच्या कानाशी लागल्या. अध्यक्षांनी माइक हातात घेतला. "ही संगणकाची चूक आहे. आमच्या कॉम्प्युटरच्या मॅडम नवीन आहेत, तरुण आहेत. सांभाळून घ्यावं, ही विनंती."

मी उठले. बाराशे डोळे असतील, की चौदाशे. मी हात जोडले आणि म्हणाले, "माझी चूक झाली." टाळ्या पडल्या. माझ्या नम्रतेवर सगळं सभागृह खूश झालं. आजी म्हणाल्या, "असू दे गं पोरी." मुख्याध्यापिकांनी नंतर माझा हात दाबला आणि "मोठं मन दाखवलंत" म्हणाल्या. आयुष्यात इतक्या टाळ्या मला एकदाच मिळाल्या. तिसऱ्या रांगेत बाई नववीच्या मुलींना घेऊन बसल्या होत्या. त्या रांगेतून टाळी आली नाही.

पुढच्याच आठवड्यात सभा झाली. शिवण वेळापत्रकातून गेलं, खोली प्रयोगशाळेला मिळाली, मी कायम झाले. इतक्या पटकन आमच्या संस्थेत कधी काही होत नाही.

खोली रिकामी करायच्या दिवशी मी वर गेले. बाई पिनकुशनमधल्या सुया काढून एका डबीत ठेवत होत्या. नववीच्या मुली मशिनी खाली न्यायला दाराशी येऊन थांबल्या होत्या. त्यांच्यासमोर बोलायचं माझ्या जिवावर आलं होतं, पण त्या जाईनात आणि माझ्याच्यानं निघवेना. मी म्हणाले, "बाई, माझं चुकलं. मला कायम व्हायचं होतं. मी घाबरले."

"अहो, आपण कशाला मनाला लावून घेता?" बाई म्हणाल्या. "सभागृहात माफी मागून झालीय आपली. टाळ्याही झाल्या."

मला रडू यायला लागलं. मी म्हणाले, "बाई, निदान 'तू' तरी म्हणा."

त्यांनी डबीचं झाकण लावलं, आणि पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं.

"पहिली की दुसरी?"

मी दाराकडे पाहिलं. ती वेलांटी भरणारी मुलगी सगळ्यांच्या पुढे उभी होती. मी हळूच म्हणाले, "पहिली."

"मोठ्यानं."

"पहिली वेलांटी, बाई."

"हं," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी तू एवढंच म्हणायचं होतंस. त्याला काही सुईदोरा लागत नाही."

मग मुलींकडे वळून त्या म्हणाल्या, "उचला गं. खिडकीजवळची आधी घ्या, तिचा एक पाय सैल आहे."